फावड्यामागे रेशनकार्ड होतं

टोमॅटो-कांद्याचे भाव चढले की एक जुनं चित्र हटकून मोबाइलवर फिरायला लागतं. जाडजूड बूट, त्या बुटाने दाबून जमिनीत घुसवलेलं विलायती फावडं, उकरलेली माती आणि घोषणा : ‘विजयासाठी खणा’. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने काढलेलं हे पोस्टर. त्याखाली कुणीतरी लिहितं की इंग्रजांनी परसात बटाटे लावून हिटलरला तोंड दिलं आणि आपल्याला गच्चीतल्या चार कुंड्या सांभाळवत नाहीत. भाव वाढले की सरकारच्या नावाने ओरडायला मात्र आपण पुढे. लगेच दुसरा गट सरसावतो. हा सगळा प्रचार होता, लोकांना कामाला जुंपून बॉम्बची भीती विसरायला लावायची युक्ती होती, परसातल्या कोबीने कधी युद्ध जिंकता येतं का? २०२०च्या टाळेबंदीत घरोघरी मेथी-कोथिंबीर पेरली जात होती तेव्हाही हाच वाद याच शब्दांत झाला आणि कुठेही न पोहोचता विरून गेला.

दोन्ही बाजूंची नजर पोस्टरवर असते. ते लावणाऱ्या सरकारने त्या काळात आणखी काय काय केलं, याची चौकशी कुणी करत नाही. माझं म्हणणं असं की ही पोस्टरं खरोखर यशस्वी झाली आणि त्याचं कारण पोस्टरच्या बाहेर होतं. खणा म्हणून सांगणाऱ्या सरकारने खणायला जमीन मिळवून दिली, कसं खणायचं ते शिकवलं आणि जे परसात पिकू शकत नाही ते प्रत्येकाच्या ताटात किती पडेल याची हमी रेशनकार्डावर लिहून दिली. ही हमी नसताना ‘पिकवा’ म्हणणं म्हणजे सरकारने आपलं ओझं उपाशी माणसाच्या खांद्यावर टाकणं. याचा पुरावा शोधायला फार लांब जावं लागत नाही. त्याच साम्राज्यात, त्याच वर्षांत, जवळजवळ तीच घोषणा हिंदुस्थानातही दिली गेली होती आणि तिचं काय झालं ते बंगालने पाहिलं.

आधी उत्साही मंडळींच्या बाजूने जेवढं खरं आहे तेवढं मान्य करू. ते थोडंथोडकं नाही. युद्धाआधी ब्रिटन आपल्या अन्नापैकी सुमारे ७० टक्के अन्न समुद्रापलीकडून आणत होतं. जर्मन पाणबुड्या ही वाट तोडणार हे पहिल्या महायुद्धातल्या १९१७च्या अनुभवावरून सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून सप्टेंबर १९३९मध्ये युद्ध पुकारल्यावर महिनाभरातच शेतीमंत्री रेजिनाल्ड डॉर्मन-स्मिथ यांनी रेडिओवरून आवाहन केलं की भाजीच्या लागवडीसाठी आणखी पाच लाख ‘अलॉटमेंट’ हवेत. अलॉटमेंट म्हणजे शहरातल्या कष्टकऱ्यांना नाममात्र भाड्याने मिळणारा जमिनीचा छोटा तुकडा. १९३९ला असे तुकडे आठ लाखांच्या आसपास होते, १९४३पर्यंत ते चौदा लाखांवर गेले. टॉवर ऑफ लंडनच्या कोरड्या खंदकात भाज्या लावल्या गेल्या, बागांतली हिरवळ उखडून वाफे झाले. रविवारी दुपारी सी. एच. मिडलटन बीबीसीवर बागकामाचे धडे देत आणि लाखो घरं ते कान देऊन ऐकत. अमेरिकेत तर १९४३मध्ये अशा ‘विजयबागा’ सुमारे दोन कोटी होत्या आणि देशातल्या ताज्या भाजीपाल्यापैकी ४० टक्क्यांपर्यंत माल तिथून आला असा अंदाज सांगितला जातो. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर वाफे घातले. बॉस्टनमधल्या फेनवे भागातल्या त्या काळच्या बागा आजही लागवडीखाली आहेत. एवढं सगळं नुसत्या थापेवर उभं राहत नाही.

आता शंका घेणाऱ्यांचं ऐकू. त्यांचा सगळ्यात बिनतोड मुद्दा उष्मांकांचा आहे. पालक, गाजर, टोमॅटो यांनी जीवनसत्त्वं मिळतात, पोट भरत नाही. पोट भरतं धान्याने, बटाट्याने, तेला-तुपाने. ब्रिटनचं पोट भरलं ते मोठ्या शेतीने : कुरणं नांगरणाऱ्या शेतकऱ्याला एकरी दोन पौंडांचं अनुदान मिळालं, प्रत्येक परगण्यात युद्धकालीन शेती समित्या बसल्या आणि काही वर्षांत लाखो एकर गवताळ जमीन पिकाखाली आली. शेतावर राबायला ‘विमेन्स लँड आर्मी’च्या हजारो मुली गेल्या. उरलेलं भरून काढलं अटलांटिक ओलांडून येणाऱ्या जहाजांच्या तांड्यांनी आणि १९४१पासून अमेरिकेच्या उसनवारीच्या मदतीने. या हिशेबात परसातला कोबी खरंच लहान दिसतो. अमेरिकेच्या शेती खात्यालाही सुरुवातीला शहरी हौशी लोकांचा भरवसा वाटत नव्हता. बियाणं आणि खत वाया जाईल ही त्यांची भीती अवास्तव म्हणता येणार नाही. युद्ध संपताच यातल्या बहुतेक बागा ओसाड पडल्या, हेही खरंच.

पण या मुद्द्यांवरून ‘सगळी धूळफेक होती’ हा निष्कर्ष निघत नाही. इथेच वादाची गाडी रुळावरून घसरते. परसबागेने देशाचं पोट भरावं अशी अपेक्षा ब्रिटिश सरकारने तरी कुठे ठेवली होती? ८ जानेवारी १९४०ला बेकन, लोणी आणि साखर रेशनवर आली. पुढे मांस, चहा, चीज, खाद्य चरबी अशी यादी वाढत गेली. भाजीपाला आणि बटाटा मात्र युद्धभर रेशनबाहेर राहिले, पावसुद्धा रेशनबाहेर राहिला. आखणी स्पष्ट दिसते. जे जहाजाने आणावं लागतं आणि मोजकं आहे, ते सरकार मोजून सगळ्यांना सारखं वाटेल. जे घरामागे पिकू शकतं, ते तुम्ही पिकवा आणि हवं तेवढं खा. तुमच्या परसातल्या प्रत्येक गड्ड्यामागे जहाजात तेवढी जागा मोकळी होईल. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना दूध, संत्र्याचा रस आणि कॉड माशाचं तेल वेगळं मिळत होतं. युद्ध संपत आलं तेव्हा ब्रिटनमधलं बालमृत्यूचं प्रमाण युद्धाआधीपेक्षा कमी होतं. बॉम्ब पडत असताना, अन्नाची आयात आटलेली असताना हे घडलं, ते एकट्या गाजराचं श्रेय नाही आणि एकट्या रेशनकार्डाचंही नाही. दोन्ही एकाच योजनेचे भाग होते.

जमिनीचंही तसंच. १९०८च्या कायद्याने स्थानिक कौन्सिलांवर बंधन आलं होतं की लोकांनी मागणी केली तर अलॉटमेंट पुरवायचे. त्या कायद्यामागे सामायिक गायरानं कुंपणं घालून बळकावली गेल्याचा दीड-दोनशे वर्षांचा राग होता आणि त्या रागातून झालेल्या चळवळी होत्या. १९३९मध्ये रिकामी पडलेली जमीन ताब्यात घेऊन लागवडीला देण्याचा अधिकारही कौन्सिलांना मिळाला. म्हणजे पोस्टर पाहून एखादा गिरणी कामगार ‘मी खणायला तयार आहे, पण कुठे खणू?’ असं विचारायला गेला, तर त्याला उत्तर देणारी कचेरी अस्तित्वात होती. पोस्टरवर हल्ली कौतुकाने बोलणारे ही कचेरी विसरतात.

आणि झळ सगळ्यांना लागते आहे हे लोकांना दिसत होतं. श्रीमंत लोक हॉटेलात जाऊन रेशनचा नियम चुकवतात अशी ओरड झाली, तेव्हा १९४२मध्ये हॉटेलातल्या जेवणाला पाच शिलिंगांची कमाल मर्यादा घातली गेली. काळाबाजार होताच, तो कुठे नव्हता? पण सरकार न्यायाने वाटण्याची धडपड करतं आहे असं बहुसंख्य लोकांना वाटत होतं. अशा वेळी ‘मनोधैर्य वाढवण्यासाठी बागा’ या म्हणण्यात मला काही लबाडी दिसत नाही. आपला वाटा आपण उचलतो आहोत हे समाधान खरं असतं, फक्त बाकीचेही आपापला वाटा उचलत असले पाहिजेत.

माझ्या मांडणीवर एक आक्षेप घेता येतो आणि तो मी टाळणार नाही. रेशनकार्ड जर्मनीनेही पहिल्या महायुद्धात दिलं होतं. तरी १९१६-१७चा हिवाळा तिथे ‘सलगमाचा हिवाळा’ म्हणून कुप्रसिद्ध झाला, कारण बटाट्याचं पीक बुडालं, ब्रिटिश नाकेबंदीने आयात तोडली आणि कार्डावर लिहिलेलं दुकानात मिळेना. बरोबर आहे. मागे धान्य नसेल तर कार्ड नुसता कागद ठरतो. म्हणूनच मी हमी म्हणतो तेव्हा धान्य खरेदी करणं, साठवणं, वाहून आणणं हे सगळं त्यात धरतो. पण या उदाहरणाने ‘लोकांनी स्वतः पिकवलं की झालं’ या बाजूला बळ मिळतं का? जर्मनीतही लोकांनी मिळेल त्या तुकड्यात भाजी लावलीच होती. तेवढ्यावर तो हिवाळा निभावला नाही.

अमेरिकेच्या गोष्टीतला एक भाग तर विजयबागांच्या कौतुकात बहुतेक वेळा गाळलाच जातो. १९ फेब्रुवारी १९४२ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६वर सही केली आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या एक लाखाहून अधिक जपानी वंशाच्या माणसांना घरदार सोडून काटेरी तारांच्या छावण्यांत जावं लागलं. यातले बहुसंख्य जन्माने अमेरिकी नागरिक होते. त्यांच्यातले कितीतरी लोक कॅलिफोर्नियाचे निष्णात भाजी पिकवणारे होते. स्ट्रॉबेरी, टोमॅटो, सेलरी यांच्या बाजारात त्यांचा मोठा वाटा होता. हातातोंडाशी आलेली पिकं टाकून ते गेले. एकीकडे सरकार कारकुनाला आणि शिक्षिकेला सांगत होतं की देशासाठी टोमॅटो लावा. दुसरीकडे वर्षानुवर्षं टोमॅटो लावणाऱ्याला त्याच्या शेतातून उठवत होतं. त्या लोकांनी मॅन्झनारसारख्या रखरखीत छावणीतसुद्धा बागा फुलवल्या. आता सांगा, पहिल्या महायुद्धातल्या अमेरिकी पोस्टरवर झेंड्याचा पोशाख ल्यालेली जी स्त्री नांगरलेल्या रानात बी फेकत जाताना दिसते, ती कुणाची प्रतिनिधी होती? ‘आपण सगळे मिळून’ असं पोस्टर म्हणतं तेव्हा त्या ‘सगळ्यां’त कोण धरलं आहे आणि कोण वगळलं आहे हे विचारणं हा देशद्रोह नसतो. ती नागरिकाची पहिली जबाबदारी आहे.

आता आपल्याकडे येऊ. मार्च १९४२मध्ये रंगून जपानच्या हाती पडलं आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ यायचा बंद झाला. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने ‘ग्रो मोअर फूड’ मोहीम सुरू केली. मराठीत ती ‘अधिक धान्य पिकवा’ म्हणून ओळखली गेली. घोषणा ब्रिटनमधल्यासारखीच, पण सोबत काय होतं? जपानी सैन्याच्या हाती लागू नयेत म्हणून बंगालच्या किनारी भागातल्या हजारो होड्या सरकारने काढून घेतल्या किंवा निकामी केल्या. होडी गेली म्हणजे मासेमाराची रोजी गेली, शेतमाल बाजारात न्यायचं साधन गेलं. तिथला तांदूळही उचलला गेला. ऑक्टोबर १९४२मध्ये बंगालच्या मेदिनीपूर जिल्ह्याला वादळाने झोडपलं. युद्धाच्या खर्चाने महागाई भडकली, साठेबाजांनी संधी साधली आणि तांदळाचा भाव भूमिहीन मजुराच्या आवाक्याबाहेर गेला. १९४३च्या दुष्काळात किती माणसं मेली? सरकारने नेमलेल्या वुडहेड आयोगाने सुमारे १५ लाखांचा आकडा दिला, नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात.

अमर्त्य सेन यांनी १९८१मध्ये मांडलं की १९४३मध्ये बंगालमध्ये तांदळाची उपलब्धता १९४१पेक्षा कमी नव्हती. कोसळली ती गरिबांची तांदूळ मिळवण्याची क्षमता. त्यांच्या आकड्यांवर काही संशोधकांनी शंका घेतली, पिकावरच्या रोगाने उत्पादन बरंच घटलं होतं असं त्यांचं म्हणणं. तो वाद बाजूला ठेवला तरी एवढं निर्विवाद उरतं की मेली ती माणसं भूमिहीन शेतमजूर, मासेमार, गावातले छोटे कारागीर होती. त्यांना ‘अधिक पिकवा’ म्हणून काय उपयोग होता? कुठे पिकवायचं होतं त्यांनी? कोलकात्यात युद्धकारखान्यांतल्या कामगारांना मालकांमार्फत स्वस्त तांदूळ मिळत होता, कारण युद्धाला त्यांची गरज होती. शहरात रीतसर रेशनिंग यायला १९४४ उजाडलं. खेड्याला तर कुणी वालीच नव्हता. दिल्लीहून लंडनला धान्याच्या जहाजांसाठी पुन्हा पुन्हा मागण्या गेल्या, लंडनच्या युद्धमंत्रिमंडळाने त्यांतला फार थोडा भाग मंजूर केला. ब्रिटनच्या रेशनकार्डामागे जी जहाजं उभी होती, ती बंगालसाठी वळवली गेली नाहीत.

चित्तप्रसाद हे तरुण चित्रकार १९४३च्या अखेरीस मेदिनीपूरमध्ये पायी हिंडले आणि त्यांनी उपाशी माणसांची रेखाचित्रं काढली. त्यांची पुस्तिका छापली गेली तेव्हा सरकारने तिच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. युद्धकाळातल्या अन्नाच्या चित्रांबद्दल बोलायचं असेल तर मला ही दोन चित्रं शेजारी ठेवावीशी वाटतात : लंडनच्या भिंतीवर सन्मानाने लावलेला फावड्यावरचा बूट, आणि मेदिनीपूरच्या वाटेवरचं ते सापळ्यासारखं माणूस. दोन्ही एकाच राजसत्तेच्या प्रजेची चित्रं आहेत.

यावर सांगितलं जातं की हिंदुस्थान अफाट, जपानी दाराशी आलेले, रेशनिंगसाठी लागणारी यंत्रणाच नव्हती. हे मी बराच काळ ऐकत आलो आहे आणि मुंबईचं उदाहरण पाहिलं की ते टिकत नाही. मुंबई प्रांतही धान्याच्या बाबतीत तुटीचाच होता. तरीही मे १९४३मध्ये, म्हणजे बंगालमध्ये उपासमार ऐन भरात यायच्या आधी, मुंबई शहरात रेशनिंग सुरू झालं. ते कार्ड, त्या रांगा, तो किडका तांदूळ यांबद्दलच्या तक्रारी जुन्या मुंबईकरांकडून पुष्कळ ऐकायला मिळाल्या. तक्रार करायला ती माणसं जिवंत राहिली, हा फरक मला फार मोठा वाटतो. तेच राज्यकर्ते, तेच युद्ध, तीच यंत्रणा. ठरवलं तिथे जमलं.

स्वातंत्र्यानंतर ‘अधिक धान्य पिकवा’ चालूच राहिलं. १९५२मध्ये व्ही. टी. कृष्णम्माचारी समितीने मोहिमेचा आढावा घेतला आणि तुकड्या-तुकड्यांनी चाललेल्या या प्रयत्नांनी गावाचं जगणं बदलत नाही, असा निर्वाळा दिला. १९६५मध्ये लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायचं आवाहन केलं, तेव्हा लोकांनी ते मनापासून पाळलं. आपण आठवण काढतो ती त्या उपवासाची आणि ‘जय जवान, जय किसान’ची. पण त्याच वर्षाच्या जानेवारीत अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग स्थापन झाले होते आणि पुढच्याच वर्षी मेक्सिकोतून १८ हजार टन गव्हाचं बियाणं आलं. घोषणा देणारा माणूस घोषणेवर थांबला नव्हता. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्राने तर कुणाला पिकवा म्हटलंच नाही, आकाशातून थेंब नसताना म्हणणार तरी काय? खडी फोडायची, पाझर तलाव खोदायची कामं काढली, मजुरी दिली, खायला सुकडी आणि मिलो ही परदेशी ज्वारी दिली. मे १९७३मध्ये जवळजवळ ५० लाख माणसं त्या कामांवर होती. हाल प्रचंड झाले, गुरं गेली, पण १९४३चं बंगाल मराठवाड्यात घडलं नाही.

आजच्या वादाला हे सगळं लागू आहे. परसबागेला माझा विरोध असण्याचं कारणच नाही. अंगणवाडीच्या शेजारी शेवगा आणि लाल माठ असावा, बचत गटाच्या बायकांनी वांगी-भेंडी लावावी, यात मुलांच्या रक्तातलं लोह वाढण्याची शक्यता आहे. पण ज्या गावात मार्चपासून टँकर येतो तिथे परसबागेची मोहीम राबवताना पाणी कुठून येणार, याची व्यवस्था आधी सांगितली पाहिजे. आणि टोमॅटो दोनशे रुपये किलो झाला म्हणून गच्चीत टोमॅटो लावा असा सल्ला दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्याला देणाऱ्याने, भाव असे का उसळतात आणि दोन महिन्यांनी तोच टोमॅटो शेतकरी रस्त्यावर का ओततो, याचं उत्तरही द्यायला हवं. साठवण, शीतगृहं, वाहतूक आणि बाजार समित्या ही सरकारची कामं आहेत. ती कुंडीत होत नाहीत.

मुंबईच्या लोकलमधून जाताना रुळांलगत पालकाचे, माठाचे, भेंडीचे वाफे वर्षानुवर्षं दिसत आले. रेल्वेच्या रिकाम्या जमिनीवर भाजी लावायचा परवाना कर्मचाऱ्यांना ज्या योजनेखाली मिळत आला, तिचं नाव ‘ग्रो मोअर फूड’च. युद्धकाळातली घोषणा युद्धानंतरही शहराच्या मधोमध पिकत राहिली. पण त्या वाफ्यांना अनेक ठिकाणी नाल्याचं पाणी दिलं जातं अशी ओरड वर्षानुवर्षं झाली आणि दोष भाजी लावणाऱ्यावर ढकलला गेला. त्याला शुद्ध पाण्याची जोडणी कुणी दिली होती? नगरपालिकांकडे उद्यान, शाळा, मैदान यांसाठी आरक्षित पण कोर्टकचेरीत अडकून वर्षानुवर्षं राडारोड्याखाली पडलेले भूखंड आहेत. ज्यांना ते बूट आणि फावड्याचं चित्र मनापासून आवडतं, त्यांनी ते आपल्या नगरसेवकाला पाठवावं आणि सोबत मागणी करावी की यातले भूखंड, कायमचा निकाल लागेपर्यंत, वस्तीतल्या बचत गटांना वार्षिक भाड्याने लागवडीसाठी द्या आणि पाण्याचा नळ पालिकेने जोडून द्या. ब्रिटनमधल्या कौन्सिलांनी १९३९मध्ये जवळपास हेच केलं होतं.